एकोणीस वेळा दाबलेलं बटण

१

सिद्धलिंगला माती देऊन पंधरा दिवस झाले होते, आणि आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी त्यानं पुन्हा साईट उघडली होती.

साईट सांभाळणाऱ्या पवित्रानं लॅपटॉप बुद्धरत्नांकडे वळवला. पडद्यावर ‘उतारा’चं पान होतं. कर्नाटकातल्या आळंद तालुक्यात कुणाला साप चावला की लोक आधी तेच पान उघडायचे. पानावर एक मोठं लाल बटण होतं. ते दाबलं की त्या आठवड्यात ज्याची पाळी असेल त्या कार्यकर्त्याचा नंबर समोर यायचा, हिरव्या खुणेवर दाबून तो लावायचा, आणि विषावरचं इंजेक्शन आज कुठल्या दवाखान्यात शिल्लक आहे ते तो सांगायचा. त्या बटणावर आता एक निळा ठिपका उमटला. थांबला. बऱ्याच वेळानं पुन्हा उमटला.

“हे बोट हाय, काका,” पवित्रा म्हणाली. “पानावर कोण कुठं बोट लावतंय ते टिपणारी एक बाहेरची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम हाय. प्रत्येक फोनला ती आपला एक नंबर देते. हा नंबर सिद्धलिंग अण्णांच्या फोनचा हाय. तेरा दिवसांत अकरा वेळा आलाय.”

बुद्धरत्न सूर्यवंशी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. बत्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, लाईनीतला फॉल्ट शोधायचं. तार तुटलीय का माणूस खोटं बोलतोय, हे त्यांना आवाजावरून कळायचं अशी गावात ख्याती होती आणि त्यांनी ती कधी खोडून काढली नव्हती. भुताखेतांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. तरी त्या मुक्या ठिपक्याकडे बघताना त्यांच्या अंगावर काटा आला, आणि त्याचा त्यांना मनापासून राग आला.

प्रकरण साधं नव्हतं. खजुरीच्या शिवारात, सोयाबीन काढताना, एका मंगळवारी सिद्धलिंगला घोणस चावली. त्यानं ‘उतारा’ उघडलं, बटण दाबलं, आणि फोन काही लागला नाही. शेवटी बापानं त्याला मोटरसायकलवर घालून आळंदला नेलं. तिथल्या खासगी दवाखान्यात इंजेक्शन नव्हतं. पुढं कलबुर्गीच्या रस्त्यावर तो गेला. त्याच वेळी सीमेपलीकडे, महाराष्ट्रातल्या एका दवाखान्यात, वीस मिनिटांच्या अंतरावर, इंजेक्शनं पडून होती.

हा बाप म्हणजे जगदेवप्पा. ‘उतारा’ चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्षही तेच. साईटवर महिन्यापूर्वी काहीतरी फेरफार केले होते ते पवित्रानं, एवढंच त्यांना माहीत होतं आणि तेवढं त्यांना पुरेसं होतं. त्यांनी तिच्याकडून साईटच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, काढून घेतले; बाहेरच्या स्क्रिप्टच्या नोंदी तेवढ्या तिला अजून बघता येत होत्या. येत्या सोमवारी बैठक होती. मंडळाची बैठक सोमवारीच व्हायची, कारण सगळे शेतकरी त्या दिवशी मोकळे असायचे. पवित्राच्या हलगर्जीपणानं जीव गेला, असं त्या बैठकीत लिहून ठेवायचं ठरलं होतं.

“नोकरीचं जाऊ द्या,” पवित्रा म्हणाली. तिनं चार दिवस धड जेवण केलेलं नव्हतं हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. “मी मारलं का त्यांना? तेवढंच मला शोधून द्या.”

बुद्धरत्नांनी विचारलं, हा फोन आत्ता आहे कुठं.

पवित्रानं लॅपटॉप हळूच मिटला. “अण्णांच्या संगं ठेवला म्हणतात. मातीत.”

२

शुक्रवारी बुद्धरत्न आधी अनिलकुमारला भेटले. अनिलकुमार मंडळाचा सचिव, हसतमुख माणूस, देणगीदार गोळा करण्यात पटाईत. पण त्या दिवशी त्याच्या टेबलावर एकाऐवजी चार उदबत्त्या जळत होत्या. ठिपक्याचं त्याच्याही कानावर आलं होतं.

त्याचं म्हणणं, दोष रेंजचा. खजुरीच्या त्या शिवारात मोबाईल कधी धड चालला आहे? साईटवर आपण काही बदललं का, असं विचारल्यावर त्यानं दोन्ही हात कानाला लावले. स्क्रिप्ट कशाशी खातात तेही आपल्याला ठाऊक नाही, पासवर्ड आहे तो फक्त गुरुबाईंचा फोटो लावण्यापुरता, असं तो म्हणाला. गुरुबाई म्हणजे जगदेवप्पांची बायको. दीड महिन्यापूर्वी वारली. मग काहीतरी चांगलं सांगायचं म्हणून त्यानं सांगितलं की हल्ली मदतीचे फोनही निम्म्यावर आलेत, साप कमी झाले म्हणायचे.

सोयाबीनची काढणी भरात असताना साप कमी झाले, हे बुद्धरत्नांना काही पटलं नाही. त्यांनी ते मनात ठेवलं.

जगदेवप्पा ओसरीवर बसले होते. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, आणि नजर कुठंतरी अंगणापलीकडे. पवित्राचं नावही त्यांनी घेतलं नाही. “ती पोरगी” एवढंच म्हणाले. बुद्धरत्नांनी फोनबद्दल विचारलं तेव्हा मात्र ते वळून बसले.

“त्याचा फोन त्याच्यासंगंच ठेवा म्हणून मीच सांगितलं. एरवी हातातून सुटत नव्हता त्याच्या. सुनंनं फडक्यात बांधून ठेवला, मी डोळ्यानं बघितलंय.” मग ते म्हणाले, “बुद्धरत्न, आमच्यात भूत न्हाई. माणूस लिंगैक्य झाला, शिवात मिळाला की मिळाला. मग त्यो कामून यायलाय?”

शिवगंगा, सिद्धलिंगची बायको, दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. सासऱ्याचा प्रश्न ऐकून तिनं तांब्या खाली ठेवला आणि आत गेली. पाहुण्याला पाणी द्यायचं ती विसरली होती.

३

शनिवारी बुद्धरत्न परत पवित्रासमोर बसले आणि म्हणाले, मला सगळं पहिल्यापासून सांग, पण माझ्या भाषेत सांग.

पवित्रानं सांगितलं. फोनमधल्या पानाला एकच काम करणारा माणूस असतो असं समजा. चित्र तोच दाखवतो, बोटाचा दाब तोच ऐकतो. बाहेरच्या स्क्रिप्टा त्याच्याच टेबलावर येऊन बसल्या की त्याला श्वास घ्यायला फुरसत मिळत नाही, आणि पोरांनी वापरून गावाकडे पाठवलेल्या जुन्या फोनात तर तो हतबलच होतो. ‘उतारा’वर अशा तीन होत्या. एक येणाऱ्यांची संख्या मोजणारी, एक बोटं टिपणारी, एक देणगीदारांशी गप्पा मारणारी. तिन्हींना पवित्रानं उचलून मागच्या खोलीत बसवलं. तिथं त्यांनी हवा तेवढा गोंधळ घालावा, समोरच्यानं फक्त बटणाकडे बघावं.

“त्याला वर्कर म्हणतात,” ती म्हणाली. “दोन आठवडे झकास चाललं. बटण दाबलं की लगेच.”

बुद्धरत्नांना ते लख्ख कळलं. जुन्या एक्स्चेंजमध्ये एकच ऑपरेटर असायची. तिच्याभोवती चार माणसं गप्पा मारायला जमली की अख्ख्या गावाचे फोन तुंबायचे.

“मग त्या मंगळवारी काय झालं?”

पवित्रानं ती नोंद उघडली. मेलेल्या माणसाचं बोट त्यांनी पुन्हा बघितलं. या वेळी शेवटचं, जिवंतपणीचं. ठिपके भराभर पडत होते. एक, दोन, पाच, अकरा. पवित्रा मोजत होती. एकोणीस.

बुद्धरत्न ठिपक्यांकडे बघत नव्हते. ते बाजूच्या आकड्यांच्या दोन रांगांकडे बघत होते. त्यांनी विचारलं, प्रत्येक दाबापुढं दोन वेळा कामून लिहिल्यात?

पहिली वेळ बोट टेकल्याची, ती फोन स्वतः टिपतो. दुसरी, पानानं तो दाब हातात घेतल्याची. पवित्रा सांगता सांगता थांबली. पहिल्या रांगेत एकोणीस वेगवेगळ्या वेळा होत्या, अकरा बारापासून अकरा तेरापर्यंत पसरलेल्या. दुसऱ्या रांगेत एकोणीसही ठिकाणी एकच वेळ होती. अकरा वाजून चौदा मिनिटं.

“रेंज नसती तर?” बुद्धरत्नांनी विचारलं.

“नंबर उघडायला रेंज लागतच न्हाई, काका. दाबलं की नंबर समोर यायलाच पाहिजे.”

“म्हणजे लाईन चांगली होती. समोरचाच माणूस अडकून बसला होता. जवळजवळ दोन मिनिटं.” बुद्धरत्न पुटपुटले. “आणि अकरा चौदाला?”

“अकरा चौदाला सुटला. एकोणीस दाब एकदम ऐकले आणि नंबर समोर आणून ठेवला असणार.” पवित्रानं डोळे पुसले. “तवर फोन अण्णांच्या खिशात गेला होता.”

मोटरसायकल आळंदच्या रस्त्याला लागलेली, आणि खिशात नंबर लावायला तयार, फक्त एका बोटाची वाट बघत. बुद्धरत्नांना ते चित्र डोळ्यांपुढून हलवता येईना.

पण अडकवलं कुणी? तिन्ही स्क्रिप्टा मागच्या खोलीत होत्या, त्याची नोंद स्वच्छ होती. पवित्रानं त्याच दिवशी आपल्याकडच्या चाचणीच्या पानावर बटण शंभरदा दाबून बघितलं होतं. एकदाही अडकलं नव्हतं.

बुद्धरत्नांनी पडद्यावर बोट ठेवलं. पानाच्या वरच्या बाजूला एक करडी चौकट होती. “हितं काय हाय?”

“फोटो असंल. टिपणारी स्क्रिप्ट फोटो झाकून ठेवते.”

“तुझ्या चाचणीच्या पानावर ही चौकट हाय?”

पवित्रानं बघितलं. नव्हती.

४

घरी आल्यावर बुद्धरत्नांनी त्या अकरा भेटींच्या तारखा कागदावर मांडल्या. वेळ रोज तीच, अकराच्या आसपास. मध्ये दोन दिवस कोरे. त्यांनी कॅलेंडर काढलं. दोन्ही सोमवार निघाले.

ते एकटेच हसले, आणि हसल्याबद्दल स्वतःलाच शरमले. बसवण्णाला मानणाऱ्या या घरांत सोमवारी बैल जुंपत नाहीत. सोमवारी शेत बंद. मातीतला माणूस कशाला वार पाळेल? वार पाळतो तो शेतात जाणारा जिवंत माणूस. आणि बोटाची चालही वेगळी होती. सिद्धलिंगनं जिवाच्या आकांतानं दाबलं होतं. हे बोट एकदा दाबून थांबत होतं, जणू काही मोजत असावं.

रविवारी पावणेअकराला ते खजुरीच्या शिवारात पोचले. सोयाबीनचे ढीग लागले होते. बांधाजवळ, जिथं घोणस निघाली तिथं, शिवगंगा उभी होती. हातात नवऱ्याचा फोन. बुद्धरत्नांना बघून ती दचकली नाही. कुणीतरी येईल याची ती वाटच बघत होती असं त्यांना वाटलं.

“फडक्यात काय बांधलं होतं?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

“नुस्तं कव्हर.” तिनं फोन पुढं केला. “बघा, काका.”

पान उघडलं. करड्या चौकटीत काय होतं ते बुद्धरत्नांनी आता बघितलं. गुरुबाईंचा फोटो, त्याच्या शेजारी सिद्धलिंगचा, तो गेल्यावर आठ दिवसांनी लावलेला, दोन्हींखाली तेवणारी समई, आणि वरून पडणाऱ्या झेंडूच्या, गुलाबाच्या पाकळ्या. त्या जुन्या फोनात पाकळ्या अडखळत, हवेत थबकत पडत होत्या. शिवगंगानं लाल बटण दाबलं आणि आकडे मोजू लागली. दोनशे सात झाले तेव्हा पाकळ्या थांबल्या, आणि तेव्हाच नंबर समोर आला.

“आधी शंभराच्या आसपास लागायचा,” ती म्हणाली. “ह्यांचा फोटो लावल्यापासून दोनशे लागायलेत.”

बुद्धरत्नांनी तिथूनच पवित्राला फोन लावला. पवित्रानं चाचणीच्या पानाचा पत्ता पाठवला. तिथं ना फोटो, ना फुलं. शिवगंगानं त्याच फोनवर, त्याच बांधावर बटण दाबलं. एकही आकडा मोजून झाला नाही, नंबर आला. मग पवित्रानं फुलांचा तोच तुकडा चाचणीच्या पानावर लावला. बटण मेलं.

श्रद्धांजली फुकट करून देणारी कुठलीतरी साईट होती. फोटो द्यायचा, फुलं निवडायची, मिळालेल्या तीन ओळी आपल्या पानावर चिकटवायच्या. अनिलकुमारनं त्या चिकटवल्या होत्या, घटनेच्या आदल्या रविवारी. साईटवर काही बदललं का असं विचारल्यावर त्यानं नाही म्हटलं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. गेलेल्याला फुलं वाहण्याला कुणी बदल म्हणत नाही. पवित्रानंही तो फोटो बघितला होता, नमस्कार केला होता आणि पुढं गेली होती. ही फुलं मागच्या खोलीत बसवता येणारी नव्हतीच. ती पानावरच पडायची होती.

“सासूच्या फोटोवरची ती फुलं मी पसंत केली, काका.” शिवगंगाचा आवाज सपाट होता. “अत्तीला झेंडू आवडायचा म्हणून लई फुलं टाका म्हणलं. अनिल अण्णांना मीच पाठवलं. तिसऱ्या दिवशी हे गेले. मी हितं येऊन रोज मोजते. एखाद्या दिवशी लगेच लागंल, म्हणजे ते माझ्यामुळं न्हाई असं म्हणता येईल.”

बुद्धरत्नांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग ती म्हणाली, “मामांना सांगू नका. बायकोच्या फुलांनी पोरगा गेला, हे ऐकून ते राहायचे न्हाईत.”

पण सांगितलं नाही तर पवित्रा जन्मभर खुनी ठरत होती. आणि पान आत्ताही तसंच अडकलेलं होतं, हे त्याहून वाईट. त्यांनी अनिलकुमारला गाठून फोटो उतरवायला सांगितले. तो पांढराफटक पडला, पण अप्पांच्या शब्दाशिवाय त्यांच्या बायकोचा आणि पोराचा फोटो आपण काढणार नाही म्हणाला. शेवटी दोघांनी मिळून पाळीवाल्याचा नंबर गावोगावच्या ग्रुपवर टाकला आणि सोमवारची वाट बघितली. बुद्धरत्नांना त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही.

५

सोमवारी बैठकीला पंधरावीस माणसं होती. पवित्रा दाराजवळ बसली होती. जगदेवप्पांनी ठराव वाचायला घेतला तेव्हा बुद्धरत्न उठून उभे राहिले.

त्यांनी शांतपणे एकेक गाठ सोडवली. एकोणीस दाबांच्या दोन रांगा वाचून दाखवल्या, म्हणजे रेंज सुटली. तिन्ही स्क्रिप्टा मागच्या खोलीत होत्या त्याची नोंद दाखवली, म्हणजे पवित्रा सुटली. पानावर घटनेच्या आदल्या रविवारी चौथं काहीतरी येऊन बसलं, असं म्हणाले आणि शिवगंगाकडे बघून थांबले. बत्तीस वर्षांत कुठलाही फॉल्ट सांगताना त्यांची अशी गाळण उडाली नव्हती.

“चौथं काय?” जगदेवप्पांनी विचारलं.

बुद्धरत्नांनी हातातले कागद दुमडले. तेव्हा मागच्या बायकांतून शिवगंगा उठली, पुढं आली, आणि सिद्धलिंगचा फोन तिनं सासऱ्यासमोर ठेवला. खोलीतला प्रत्येक माणूस त्या फोनकडे बघत राहिला. अनिलकुमारनं खुर्ची मागं सरकवली.

“चौथी फुलं, मामा. अत्तीच्या फोटोवरची. मी पसंत केलेली,” ती म्हणाली. “ती पडून होईस्तोवर बटण ऐकत न्हाई. ह्या पोरीचा काही दोष न्हाई.”

मग तिनं बटण दाबलं आणि सगळ्यांसमोर मोजलं. दोनशेपर्यंत मोजायला किती वेळ लागतो ते त्या खोलीतल्या माणसांना त्या दिवशी कळलं. साठाच्या पुढं एक म्हातारा पदरासारखं उपरणं तोंडाला लावून बाहेर गेला. जगदेवप्पा फोटोतल्या बायकोकडे आणि पोराकडे बघत होते. पाकळ्या दोघांच्याही चेहऱ्यावर अडखळत होत्या.

मोजणं संपलं. जगदेवप्पांनी शिवगंगाचा हात धरून तिला आपल्या शेजारी बसवलं.

“त्याला आळंदला मीच नेलं,” ते म्हणाले. “पलीकडं न्यायचं माझ्या ध्यानातच आलं न्हाई. इतके दिवस ते दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायलो.” मग अनिलकुमारकडे न बघता म्हणाले, “फोटो काढ. दोन्ही.”

अनिलकुमारला त्या ओळी सापडेनात. शेवटी पवित्रानं त्याच्या शेजारी बसून ओळी दाखवल्या आणि त्यानं त्या पुसल्या. पान साधं झालं. वर गावांची नावं, खाली लाल बटण.

जगदेवप्पांनी पोराचा फोन हातात घेतला आणि बटणावर अंगठा ठेवला. नंबर लगेच आला. त्यांनी हिरव्या खुणेवर दाबलं.

आठवड्याच्या यादीत त्या सोमवारपासून पवित्राची पाळी होती; तिचं नाव काढायचं कुणाला सुचलंच नव्हतं. तिचा फोन वाजू लागला. पडद्यावर नाव आलं: सिद्धलिंग अण्णा.

ती त्या नावाकडे बघत राहिली. बायकांतून कुणीतरी हुंदका दाबला.

“उचल, पोरी,” जगदेवप्पा म्हणाले.

पवित्रानं फोन कानाला लावला. तिच्यासमोर, चार हातांवर, म्हाताऱ्यानंही पोराचा फोन कानाला लावला होता.

“उतारा,” ती म्हणाली. मग तिनं प्रत्येकाला विचारायचं ते विचारलं. “कुठल्या गावाहून बोलताय?”

“खजुरीहून,” जगदेवप्पा म्हणाले, आणि पुढं त्यांना बोलवेना. पवित्रानं फोन ठेवला नाही.